विश्लेषण : चार पेन्सिल सेलवर चालणारा ‘गेम बॉय’ खरेच चांगला होता का? गुनपेई योकोई यांचे आयुष्य काय सांगते?

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. वीज जाते, मोबाइलचे टॉवर बंद पडतात आणि हजारो रुपयांचा फोन दोन दिवसांत निरुपयोगी होतो. अशा वेळी ‘चांगले उपकरण’ कशाला म्हणायचे, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. नेमका हाच प्रश्न ३५ वर्षांपूर्वी हातात मावणाऱ्या एका खेळाच्या यंत्राने जगापुढे ठेवला होता. ‘गेम बॉय’चा पडदा हिरवट, रंग एकही नाही, अंधारात काही दिसत नाही. तरीही त्याने रंगीत प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. हे कसे घडले, हे समजून घ्यायचे तर त्यामागच्या अभियंत्याचे, गुनपेई योकोई यांचे आयुष्य पाहावे लागते.

योकोई कोण होते?

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी जपानमधील क्योतो शहरात झाला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. मोठ्या कंपन्यांत नोकरी मिळाली नाही, तेव्हा १९६५ मध्ये ते गावातल्याच निन्टेन्डो कंपनीत दाखल झाले. त्या काळी निन्टेन्डो म्हणजे पत्ते छापणारी कंपनी. ‘हानाफुदा’ हे फुलांची चित्रे असलेले पारंपरिक पत्ते हा तिचा मुख्य धंदा. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे, एवढेच योकोई यांचे काम होते.

काम कमी आणि वेळ भरपूर. रिकाम्या वेळात त्यांनी लाकडी पट्ट्यांचा, कात्रीसारखा लांब होणारा आणि मिटणारा एक हात बनवला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेला तो पडला. कामाच्या वेळी खेळत बसल्याबद्दल बोलणी खावी लागतील, असे योकोई यांना वाटले. यामाउचींनी मात्र हेच खेळणे बाजारात आणायला सांगितले. १९६६ मध्ये आलेल्या या ‘अल्ट्रा हँड’चे दहा लाखांहून अधिक नग विकले गेले आणि देखभाल करणारा कर्मचारी खेळणी तयार करणारा झाला.

जुन्या तंत्रज्ञानाचा नवा उपयोग म्हणजे काय?

पुढच्या दहा वर्षांतली योकोई यांची खेळणी पाहिली, तर त्यांची पद्धत लक्षात येते. १९६९ चा ‘लव्ह टेस्टर’ हे त्याचे सोपे उदाहरण. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा आणि मोकळ्या हातांनी यंत्राचे दोन गोळे पकडायचे. अंगातून जाणाऱ्या अतिशय सौम्य विजेवर काटा हलायचा आणि तो प्रेमाचे ‘गुण’ दाखवायचा. आत होते ते शाळेच्या प्रयोगशाळेतले साधे मीटर. नवीन होती ती कल्पना. त्यानंतर आलेल्या प्रकाशाच्या बंदुकीत त्यांनी सौर घटाचा वापर निशाण्यासाठी केला.

या पद्धतीला योकोई यांनी पुढे नावही दिले. त्याचा साधारण अर्थ असा, की जे तंत्रज्ञान जुने झाले आहे, स्वस्त झाले आहे आणि ज्याचे गुणदोष सगळ्यांना माहीत आहेत, ते घ्यायचे आणि ज्या कामाचा कोणी विचार केला नव्हता त्या कामाला लावायचे. सगळ्यात नवा सुटा भाग महाग असतो, तो लवकर बिघडतो आणि विजेची भूकही त्याला जास्त असते. जुन्या भागात हे धोके कमी. मग निर्मात्याचे डोके खेळ चांगला करण्याकडे लागते.

कॅल्क्युलेटरमधून खेळ कसा निघाला?

१९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये कॅल्क्युलेटर कंपन्यांची जीवघेणी स्पर्धा चालली होती. त्यामुळे त्यांचे एलसीडी पडदे आणि चिप कमालीच्या स्वस्त झाल्या. बुलेट ट्रेनच्या प्रवासात योकोई यांना एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला दिसला. प्रवासात वेळ घालवायला कोणाच्या नजरेत न भरणारा छोटा खेळ असावा, हे त्यांच्या मनात आले.

एकदा अध्यक्षांचा चालक आजारी होता, म्हणून गाडी चालवण्याचे काम योकोई यांच्याकडे आले. वाटेत त्यांनी ही कल्पना यामाउचींना सांगितली. यामाउची निघाले होते त्याच बैठकीत पडदे बनवणाऱ्या शार्प कंपनीचे प्रमुखही होते. त्यातून एप्रिल १९८० मध्ये पहिला ‘गेम अँड वॉच’ आला. एका यंत्रात एकच खेळ, सोबत घड्याळ आणि घड्याळात असतात तसे बटण सेल. या मालिकेचे ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले.

१९८२ मध्ये याच मालिकेतल्या ‘डाँकी काँग’साठी योकोई यांनी अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण तयार केले. अंगठा न उचलता चारही दिशांना जाता येईल, असे हे बटण. आजच्या बहुतेक गेम कंट्रोलरवर डाव्या बाजूला दिसते ते हेच. शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराने ‘डाँकी काँग’ हा मूळ खेळ १९८१ मध्ये तयार केला, तोही योकोई यांच्या देखरेखीखाली. त्याच खेळातून पुढे मारिओ जगभर पोचला.

‘गेम बॉय’मध्ये काय होते आणि काय नव्हते?

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये ‘गेम बॉय’ विक्रीला आला. किंमत १२ हजार ५०० येन. अमेरिकेत त्याच वर्षी तो सुमारे ९० डॉलरला मिळू लागला आणि तिथे सोबत ‘टेट्रिस’ हा खेळ होता. ‘गेम अँड वॉच’मध्ये एकच खेळ असायचा. इथे मात्र कार्ट्रिज बदलले की खेळ बदलायचा. तारेने दोन यंत्रे जोडून दोघांना एकमेकांविरुद्ध खेळताही येत होते.

त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ आणि पुढच्या वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’ आला. दोघांचेही पडदे रंगीत आणि आतून उजळणारे. ‘गेम बॉय’चा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, हिरवट राखाडी रंगाच्या चार छटांचा. वेगाने हलणारे चित्र त्यावर पुसट व्हायचे. मागून उजेड नसल्याने रात्री दिव्याखाली बसूनच खेळावे लागे. कागदावर तुलना केली तर ‘गेम बॉय’ हरलेलाच होता.

पण ‘लिंक्स’ आणि ‘गेम गिअर’ला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. ‘गेम बॉय’ चार सेलवर १५ तास किंवा त्याहूनही जास्त चाले. लहान मुलांच्या यंत्रात हा फरक निर्णायक असतो, कारण सेलचे पैसे पालक देतात. ‘लिंक्स’ची किंमत तर ‘गेम बॉय’च्या जवळपास दुप्पट होती. उजेड नसलेल्या पडद्याचा एक फायदाही होता. उन्हात, अंगणात किंवा बसच्या खिडकीशी तो अधिक स्पष्ट दिसे. तापमानानुसार पडद्याचा गडदपणा बदलतो, म्हणून तो जुळवायला बाजूला एक छोटे चाक दिलेले होते.

टिकाऊपणाची साक्ष म्हणून एक यंत्र प्रसिद्ध आहे. आखाती युद्धाच्या काळात आगीत सापडून बाहेरून वितळलेला एक ‘गेम बॉय’ आतून चालू राहिला. न्यूयॉर्कमधील निन्टेन्डोच्या दुकानात तो अनेक वर्षे ठेवला होता.

या यशाचे श्रेय एकट्या योकोई यांचे का?

नाही. त्यांचे सहकारी अभियंते सातोरू ओकादा यांचा वाटा मोठा आहे. योकोई यांना सुरुवातीला ‘गेम अँड वॉच’च्या जवळ जाणारे साधे आणि स्वस्त खेळणे हवे होते. अनेक वर्षे चालेल असे, नवनवे खेळ स्वीकारणारे यंत्र करायचा आग्रह ओकादांचा होता. शेवटी जे तयार झाले त्यात दोघांचीही बाजू दिसते. पडदा आणि सेलचा हिशेब योकोई यांच्या वळणाचा, तर कार्ट्रिजची व्यवस्था ओकादांच्या आग्रहाची. नुसता स्वस्तपणा असता, तर ‘गेम बॉय’ दोन-तीन वर्षांत विसरला गेला असता. १९९६ मध्ये ‘पोकेमॉन’ आला, तेव्हा हे यंत्र सात वर्षांचे झाले होते. दोन यंत्रे जोडणाऱ्या त्याच तारेवर पोकेमॉनची देवाणघेवाण सुरू झाली आणि म्हाताऱ्या यंत्राला पुन्हा मागणी आली. १९९८ च्या रंगीत आवृत्तीसह ‘गेम बॉय’ची विक्री ११ कोटी ८६ लाखांवर गेली. ‘गेम गिअर’ सुमारे एक कोटीवर थांबला.

गडचिरोली-चंद्रपूरला या विचारातून काय घेण्यासारखे आहे?

आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी खरा ‘गेम बॉय’ पाहिला नाही. बाजारात आणि जत्रेत मिळायचा तो चिनी ‘ब्रिक गेम’. त्यावर ९९९९ खेळ असल्याचे छापलेले असे, प्रत्यक्षात मोजकेच खेळ वेगवेगळ्या वेगाने पुन्हा येत. १० बाय २० चौकोनांचा साधा एलसीडी पडदा आणि दोन पेन्सिल सेल. योकोई यांनी कॅल्क्युलेटरच्या पडद्यातून सुरू केलेल्या वाटेचे हे स्वस्त टोक होते आणि म्हणूनच ते खेड्यापर्यंत पोचले.

जुन्या साधनाला नवे काम देण्याचा याहून मोलाचा दाखला गडचिरोलीतच आहे, मात्र त्याचा योकोई यांच्याशी थेट संबंध नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे १९८० च्या दशकात बालकांच्या न्यूमोनियाचा प्रश्न होता. मिनिटाला श्वास किती, हे मोजले की न्यूमोनियाचा अंदाज येतो. पण गावातल्या दाईला मोठे आकडे मोजता येत नव्हते आणि घड्याळही वाचता येत नव्हते. त्यावर तयार झाले श्वास मोजण्याचे एक हातातले साधन. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकणारे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळाला न्यूमोनिया असण्याची शक्यता. सेल नाही, पडदा नाही, दुरुस्तीचा प्रश्न नाही.

दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच होता, हे यंत्र कोणाच्या हातात आणि कुठे वापरले जाणार?

मग योकोई यांचे गणित कुठे चुकले?

जुलै १९९५ मध्ये जपानमध्ये ‘व्हर्च्युअल बॉय’ आला. डोळ्यांना लावून पाहायचे, खोलीचा भास देणारे हे यंत्र. इथेही पद्धत तीच होती. लाल एलईडी स्वस्त होते आणि वीज कमी खात, म्हणून सगळे चित्र लाल-काळ्या रंगात. पण यंत्र टेबलावरच्या स्टँडवर ठेवून वाकून पाहावे लागे. मान दुखे, डोळे शिणत. शेजारी बसलेल्याला काहीच दिसत नसे. ते खिशातले यंत्र नव्हते आणि घरातल्या सगळ्यांचेही नव्हते. जेमतेम ७ लाख ७० हजार नग विकले गेले आणि वर्षभरात उत्पादन गुंडाळले.

दोन यंत्रांतला फरक इथे कळतो. ‘गेम बॉय’मध्ये काटछाट झाली ती रंगात, ज्याच्याशिवाय खेळणाऱ्याचे भागत होते. ‘व्हर्च्युअल बॉय’मध्ये काटछाट झाली ती आरामात आणि सोबतीत, ज्याच्याशिवाय भागत नव्हते. जुने तंत्रज्ञान वापरले म्हणजे यंत्र आपोआप चांगले होत नाही. काय सोडायचे, याची निवड बरोबर असावी लागते.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९९६ मध्ये आकाराने लहान आणि अधिक स्वच्छ पडद्याचा ‘गेम बॉय पॉकेट’ बाजारात आणून योकोई यांनी ऑगस्टमध्ये निन्टेन्डो सोडली. ३१ वर्षांची नोकरी ‘व्हर्च्युअल बॉय’च्या अपयशामुळे संपली, असे सर्रास म्हटले जाते. योकोई यांनी ते कारण नाकारले होते. पन्नाशीनंतर स्वतःचे काही करायचा त्यांचा विचार जुना होता. त्यांनी क्योतोत ‘कोतो’ ही छोटी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी ‘वंडरस्वान’ या नव्या यंत्राचे काम हाती घेतले.

ते यंत्र बाजारात आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी होकुरिकू द्रुतगती मार्गावर त्यांच्या गाडीला किरकोळ अपघात झाला. काय झाले ते पाहायला ते खाली उतरले आणि जाणाऱ्या दुसऱ्या गाडीने त्यांना धडक दिली. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. १९९९ मध्ये आलेला ‘वंडरस्वान’ एकाच पेन्सिल सेलवर ३० तासांच्या आसपास चालत असे. त्यावरील एका खेळाला योकोई यांच्या स्मरणार्थ ‘गुनपे’ नाव देण्यात आले. २००३ मध्ये गेम निर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला.

तर मग ‘गेम बॉय’ चांगला होता का?

आजच्या फोनशेजारी ठेवला तर नाही. पडदा पुसट, आवाज पातळ आणि रात्री दिव्याचा आधार हवाच. पण दीर्घ प्रवासात, वीज नसलेल्या घरात, सेल विकत घेण्याआधी विचार करणाऱ्या कुटुंबात त्याने आपले काम चोख केले. तीन दशकांपूर्वीचे कित्येक ‘गेम बॉय’ नवे सेल घातले की आजही सुरू होतात. तितक्या जुन्या रंगीत ‘गेम गिअर’चे आतले कपॅसिटर मात्र बहुधा गळून गेलेले असतात आणि दुरुस्तीशिवाय ते चालत नाहीत. स्वस्त, टिकाऊ आणि कमी विजेवर चालणाऱ्या यंत्राची गरज अजून संपलेली नाही. पूर आलेल्या तालुक्यात फोनची बॅटरी वाचवत बसलेल्या कोणालाही ते वेगळे सांगावे लागत नाही.