हेन्रीचे बाबा आणि उन्हातली पट्टी

बेक्वेरेल म्हटलं की तुम्हाला बारावीच्या फिजिक्समधला किरणोत्सर्ग आठवतो ना? तो हेन्री. आज त्याच्या बाबांना भेटा. नाव एडमंड, जन्म १८२०, पॅरिस.

एडमंडला पॅरिसमधल्या दोन नामांकित संस्थांत प्रवेश मिळत होता. पण पठ्ठ्याने दोन्ही सोडल्या आणि वडिलांच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाला. (आयआयटीची सीट सोडून बघा, घरी काय होतं ते!)

१८३९. वय १९, म्हणजे तुमच्याएवढंच. त्याने प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर सिल्व्हर क्लोराइडचा थर दिला, त्या आम्लात बुडवल्या, एकीवर ऊन पाडलं आणि दुसरी अंधारात ठेवली. गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला! बॅटरी नाही, काही नाही, नुसत्या उजेडाने वीज. करामत होती ती त्या थराची.

गोम अशी की सिल्व्हर क्लोराइड उजेडात काळं पडतं, त्याचं विघटन होतं. जो थर प्रकाश पकडतो, तोच त्या प्रकाशाने खराब होतो. एडमंडचं त्यावाचून अडलं नाही, कारण त्याला वीज नकोच होती. प्रकाशाची तीव्रता मोजायला त्याने ही युक्ती वापरली. पुढे तो चमकणाऱ्या पदार्थांच्या अभ्यासात रमला, प्राध्यापक झाला आणि १८९१ मध्ये वारला.

त्याच्या पट्टीवर पाणी तोडण्याचं काम कुणी केलं? टोकियोत, फुजिशिमा आणि होंडा यांनी. १९७२ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. त्यांनी पट्टीच्या जागी टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक ठेवला. त्यावर प्रकाश पडला की पाण्यातून ऑक्सिजन सुटायचा आणि तारेने जोडलेल्या प्लॅटिनमपाशी हायड्रोजन. हा स्फटिक पाण्यात टिकतो, पण फक्त अतिनील किरण शोषतो. उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के, बाकीचं ऊन वायाच!

मग संशोधक वळले चक्क गंजाकडे, म्हणजे आयर्न ऑक्साइडकडे. स्वस्त, पाण्यात टिकाऊ, शिवाय डोळ्यांना दिसणारा प्रकाशही शोषतो. पण त्यात सुटलेले विद्युतभार पृष्ठभाग गाठण्याआधीच एकमेकांत जिरून जातात. थर पातळ करावा, तर प्रकाश आरपार निघून जातो. म्हणून आता या थराचे बारीक काड्यांसारखे उभे आकार वाढवतात आणि त्यावर कोबाल्टसारख्या उत्प्रेरकाचा हलका लेप देतात. प्रकाश काडीच्या लांबीत शोषला जातो आणि भाराला मात्र काडीच्या जाडीएवढंच अंतर कापावं लागतं.