डॉ. सेमेलवाइस आणि त्यांचे सहकारी

रुग्णालयात एखादी दुर्घटना घडली की पहिली मागणी होते ती कर्मचाऱ्यांच्या निलंबनाची; आणि ती पुरी झाली की पुढील चौकशीत कोणाला फारसे स्वारस्य उरत नाही. उलट, परिचारिका दिनी पुष्पगुच्छ दिले की वर्षभराच्या कृतज्ञतेची फेड झाली असे समजले जाते. जाब विचारणे आणि कदर करणे ही जणू दोन स्वतंत्र खाती असावीत, असा हा व्यवहार आहे. या संदर्भात डॉ. इग्नाट्झ सेमेलवाइस यांचे चरित्र पुन्हा एकदा वाचण्यासारखे आहे.

१८१८ साली बुडा येथे एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेले सेमेलवाइस १८४६ मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतिविभागाचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. तेथे दोन कक्ष होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या कक्षात ४,०१० प्रसूतींमागे ४५९ माता दगावल्या. दुसऱ्या कक्षात ३,७५४ प्रसूतींमागे १०५. पहिल्या कक्षात आपली रवानगी होऊ नये म्हणून गरीब स्त्रिया अक्षरशः विनवण्या करीत. विभागप्रमुख प्रा. क्लाइन यांना मात्र या तफावतीत आपल्या कारभाराला लावण्याजोगा बोल दिसत नव्हता.

मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस यांचे स्नेही प्रा. कोलेच्का यांना शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातील सुरीची जखम झाली आणि ते मरण पावले. त्यांच्या शवात आढळलेल्या खुणा सूतिकाज्वराने मेलेल्या स्त्रियांच्या शवांतील खुणांसारख्याच होत्या. उलगडा झाला. शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येणारे डॉक्टर आणि विद्यार्थी आपल्या हातांवरून मृत्यू आणीत होते. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. मे महिन्यापासून सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४८ साली पहिल्या कक्षात ३,५५६ प्रसूतींमागे ४५ मृत्यू झाले.

हे पंचेचाळीस कोणामुळे? अर्थातच सेमेलवाइस यांच्यामुळे. पण त्यांच्याइतकेच, त्या उग्र पाण्यात दिवसातून अनेकदा हात बुडवणाऱ्या विद्यार्थ्यांमुळेही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर श्रमाचा खर्च त्यांच्या पदरी पडत होता आणि लाभ मात्र अनोळखी स्त्रियांना मिळत होता. असा व्यवहार केवळ हुकुमावर फार काळ टिकत नाही. तो टिकवायचा तर लाभाचा आकडा खर्च करणाऱ्यापर्यंत पोहोचवावा लागतो आणि हे तुमचे काम आहे असे त्याला सांगावे लागते. सेमेलवाइस यांनी देखरेख कडक ठेवली. आपला सिद्धान्त सविस्तर लिहून काढण्याचे मात्र वर्षानुवर्षे टाळले. त्याचे पहिले जाहीर निवेदन डिसेंबर १८४७ मध्ये केले ते त्यांचे मित्र डॉ. हेब्रा यांनी.

त्यांनी जबाबदारी इतरांवर ढकलली असे मात्र कोणी म्हणू नये. आपल्याच हातांनी किती स्त्रिया गेल्या याचा हिशेब परमेश्वरालाच ठाऊक, अशी कबुली त्यांनी पुढे ग्रंथातच दिली. पण अशी कबुली पेलण्याचे बळ प्रत्येकात नसते. कील येथील प्राध्यापक मिखाएलिस यांनी सेमेलवाइस यांचे म्हणणे तात्काळ स्वीकारले आणि आपल्याकडे हात धुणे सुरू केले. पण ज्या नातलग स्त्रीची प्रसूती त्यांनी स्वतः केली होती ती सूतिकाज्वराने गेली होती. ते मरण आपल्या हातून घडले, हा विचार त्यांना सोसवेना. ऑगस्ट १८४८ मध्ये त्यांनी आगगाडीखाली प्राण दिला. सत्य मान्य करणाऱ्या या सज्जन माणसाला त्या सत्यासह जगण्याची वाट कोणीच दाखवली नाही, हे मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठे अपयश वाटते. ज्यांनी सत्य नाकारले ते निवांत झोपत होते.

१८४९ मध्ये सेमेलवाइस यांची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. क्लाइन यांचा हेका त्याला कारण होता, हे खरेच. पण १८५० मध्ये, पाठीशी उभ्या राहिलेल्या मित्रांना न कळवताच, ते व्हिएन्ना सोडून गेले. पेस्टच्या सेंट रोकस रुग्णालयात त्यांनी पुन्हा तोच चमत्कार घडवला: ९३३ प्रसूतींमागे अवघे आठ मृत्यू. पुढे विद्यापीठाच्या रुग्णालयातील मळक्या चादरींचे गाठोडे घेऊन ते थेट अधिकाऱ्याच्या पुढ्यात गेले, असे सांगतात. हा प्रसंग मला त्यांच्या बाजूचा वाटतो. तेथे त्यांनी जाब विचारला तो चादरी पुरवणाऱ्या व्यवस्थेला.

ग्रंथ अखेर १८६१ साली आला, तेव्हा मनात तेरा वर्षांचा कडवटपणा साचला होता. ज्यांना तो पटला नाही त्या नामांकित प्राध्यापकांना त्यांनी जाहीर पत्रे लिहून खुनी ठरवले. आकड्यांच्या दृष्टीने हा आरोप अगदीच निराधार नव्हता. पण खुनी म्हटल्यावर समोरच्याला उरतो तो बचाव, सुधारणा नव्हे; आणि प्रत्येक बचावागणिक कुठे ना कुठे माता मरतच होत्या.

१८६५ च्या जुलैमध्ये त्यांचे मानसिक स्वास्थ्य पुरते ढासळले. व्हिएन्नातील मनोरुग्णालयात त्यांना युक्तीने नेण्यात आले. सोबत हेब्राच होते. १३ ऑगस्ट रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, जखम चिघळून रक्तात विष भिनल्याने सेमेलवाइस मरण पावले.