डॉ. वसंत रामजी खानोलकर : जुना दाह आणि कर्करोग

मोहोपाड्यापासून जवळ, खारघरला, टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र आहे. त्याचे मूळ डॉ. खानोलकरांनी (१८९५–१९७८) १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या संस्थेत आहे. १९४१ पासून टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळा सांभाळताना ते पेशींबरोबर रुग्णांच्या सवयीही तपासत. घट्ट धोतर वर्षानुवर्षे कमरेला काचते, नेमका तिथेच त्वचेचा कर्करोग होतो, हे त्यांनी १९४५ मध्ये मांडले.

आज त्यामागचे कारण समजते. दाह टिकला, की प्रतिकारशक्तीच्या पेशी वाढीचे संदेश पाठवतच राहतात. पेशी पुन्हापुन्हा विभागतात आणि चुका साठतात. मोठ्या आतड्याच्या जुन्या दाहातही हा धोका असतो. म्हणून त्रास थांबला तरी डॉक्टरांनी सांगितलेली दुर्बिणीची तपासणी चुकवू नका.