पाहून शिकलेला तसबीरकार : राजा रविवर्मा

एकवीरा आईच्या दर्शनाला आपल्या मंडळातील निम्म्याहून अधिक भगिनी जाऊन आल्या असतील. सातपाटी, केळवे, तारापूर, चिंचणी या किनाऱ्यावरच्या कितीतरी घराण्यांची ती कुलदेवता. मळवली स्टेशनावर उतरायचे, कार्ल्याचा डोंगर समोर धरायचा आणि ओटीचे सामान सांभाळीत चालू लागायचे, हा जुना शिरस्ता. त्याच मळवलीच्या परिसरात एके काळी एक मोठा छापखाना होता, आणि आपल्या आजीच्या देव्हाऱ्यावर टांगलेली कमळातली लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती तेथल्या दगडांवरून छापून निघत होती, हे मात्र फार थोडींना ठाऊक असते. तो छापखाना राजा रविवर्मा यांच्या नावाचा.

रविवर्म्यांची देवादिकांची चित्रे कोणाला माहीत नाहीत? पण मला या अंकात लिहायचे आहे ते त्यांच्या तसबिरींविषयी, म्हणजे हाडामांसाच्या माणसांच्या चित्रांविषयी, आणि त्या काढायला ते शिकले कसे याविषयी. त्याला कारण आहे. शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत मी मुलींचा चित्रकलेचा वर्ग घेते. पालघरच्या मुली येतात, दोघीतिघी बोईसरहून गाडीने येतात. त्यांच्या आया मला एकच प्रश्न वारंवार विचारतात. मुलगी थोरांनी काढलेले चेहरे पुढे ठेवून तासन्‌तास चेहरे काढीत बसते. याला शिक्षण म्हणायचे की नुसती नक्कल? मुंबईला कलाशाळेत पाठवणे काही सर्वांना जमत नाही, तेव्हा हा प्रश्न पोकळ नाही. त्याचे उत्तर मी माझ्या पदरचे देण्यापेक्षा रविवर्म्यांच्या चरित्रातून दिलेले बरे.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी तिरुवनंतपुरमच्या उत्तरेस असलेल्या किळिमानूर येथे झाला. (बोईसरला राहणाऱ्या माझ्या एका केरळी शेजारणीने हा उच्चार माझ्याकडून चार वेळा घटवून घेतला. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, मागाहून कारखाने आले आणि सगळ्या हिंदुस्थानातली कुटुंबे आपल्या शेजाराला आली, त्याचा हा एक फायदा.) घराणे राजकुळाशी सोयरिकीने बांधलेले. आई उमा अंबाबाई काव्य करणाऱ्या. मामा राजराज वर्मा चित्रे काढणारे. लहानगे रविवर्मा कोळशाने घराच्या भिंती रंगवीत. दुसऱ्या घरात त्याबद्दल धपाटे मिळाले असते, येथे मामांनी मुलाचा हात ओळखला आणि पहिले धडे दिले. पण मामांची चित्रकला तंजावरी वळणाची. तीत आधी रेघ काढायची, मग सपाट रंग भरायचा, वर सोन्याचा वर्ख आणि खडे. देवाच्या चित्राला ही रीत फार शोभते. माणसाचा चेहरा मात्र रेघेने बांधला जात नाही. गालाची गोलाई, हनुवटीखालची सावली, म्हातारपणी डोळ्यांभोवती पडणारा मऊ अंधार यांना रेघ नसतेच. हे सारे तैलरंगांत साधते, आणि तैलरंग त्या वेळी आपल्याकडे नवे होते.

१८६२ साली मामा चौदा वर्षांच्या रविवर्म्यांना तिरुवनंतपुरमला घेऊन गेले. महाराज आयिल्यम तिरुनाळ यांची मर्जी बसली व मुलगा राजवाड्याच्या आश्रयाने राहू लागला. राहायची सोय झाली. शिकायची मात्र होईना. दरबारात रामस्वामी नायकर नावाचे तैलरंगांत काम करणारे चित्रकार होते. त्यांनी या मुलाला शिकवायचे नाकारले. आपल्या पोटावर पाय देणारा प्रतिस्पर्धी आपणच का तयार करा, असा त्यांचा हिशेब असावा. त्यांच्याच हाताखालच्या आरुमुगम पिळ्ळै यांना दया आली आणि त्यांनी गुरूच्या नकळत या मुलाला रंगांची थोडीफार माहिती दिली. विद्येचा असा चोरटा व्यवहार वाचला की मन खट्टू होते. पण आपल्याकडे गाण्यातही दाराआडून ऐकून शिकलेले थोडे नाहीत.

मग १८६८ साल उजाडले. थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय तसबीरकार महाराजांची व त्यांच्या पत्नीची तसबीर काढण्यासाठी तिरुवनंतपुरमला आला. वीस वर्षांच्या रविवर्म्यांना वाटले, आता तरी गुरू लाभला. जेन्सननेही शिकवायचे नाकारले! महाराजांच्या शब्दाखातर एवढेच कबूल केले, की मी काम करीत असताना या तरुणाने जवळ बसून पाहावे. शिकवणे नाही, केवळ पाहणे.

केवळ पाहण्यात काय मिळते, हे ज्याने हातात कुंचला धरला आहे त्याला विचारावे. तयार तसबीर भिंतीवर पाहिली तर ती आपल्याला शेवट दाखवते. सुरुवात तिच्या पोटात दडलेली असते. तीच तसबीर होताना पाहिली म्हणजे कळते, की चित्रकार डोळा-नाक-ओठ असे क्रमाने काढीतच नाही. तो आधी पापण्या मिटल्यासारख्या करून समोरच्या माणसाकडे पाहतो, म्हणजे बारीकसारीक तपशील पुसून जातो आणि उजेड व काळोख हे दोनच उरतात. त्या दोहोंचे मोठे मोठे पट्टे पातळ रंगात तो प्रथम मांडून घेतो. दाट रंग आणि उजळ जागा मागाहून येतात. नाकाच्या शेंड्यावरचा, बुबुळावरचा चमकता ठिपका तर अगदी अखेरीस. तैलरंग लवकर वाळत नाही, म्हणून गालावरची सावली उजेडात हळूहळू विरवायला त्याला सवड मिळते. तो पुन्हा पुन्हा चार पावले मागे जातो. रेशमावर कुंचला झरकन ओढतो, कातडीवर थोपटल्यासारखा चालवतो. यांतले काही सांगावे लागत नाही, डोळे उघडे असले म्हणजे झाले. स्वयंपाकाचे नाही का तसेच? फोडणी केव्हा द्यायची हे सासूबाईंनी आपल्याला कधी शब्दांनी सांगितले? आपण त्यांच्या हाताकडे पाहिले, आणि मग चार वेळा आपल्या हाताने करपवली.

तो करपवण्याचा भाग रविवर्म्यांनी चुकवला नाही, म्हणून ते रविवर्मा झाले. जेन्सन निघून गेल्यावर ते परत परत तसबिरी काढीत बसले. पुढे त्यांनी महाराज आणि त्यांच्या पत्नी यांचीच तसबीर काढली. ज्याच्याजवळ बसून पाहिले त्याचाच विषय, तीच माणसे! विद्यार्थ्याने स्वतःला घातलेली याहून कठीण परीक्षा मला सुचत नाही. थोराचे चित्र समोर ठेवून काढणे येथवर ठीक. पण रविवर्म्यांनी जेन्सनची तसबीर उतरवून काढली नाही. जेन्सनने ज्या माणसांकडे पाहिले होते त्या माणसांकडे त्यांनी स्वतः पाहिले. आयांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते, आणि म्हणून मुलींनी महिनाभर थोरांचे चेहरे गिरवले, की मी त्यांना घरी आजीसमोर बसायला लावते. आजी पेंगते, मान हलवते, मध्येच भाजी निवडायला घेते. ते सोसूनच चेहरा शिकावा लागतो.

१८७० साली रविवर्मा मूकांबिकेच्या दर्शनाला कोल्लूरला गेले, एकेचाळीस दिवस व्रतस्थ राहिले, आणि त्याच प्रवासात कालिकतचे एक न्यायाधीश कृष्ण मेनन यांच्या कुटुंबाची तसबीर त्यांनी मोबदला घेऊन काढली. राजघराण्यातल्या माणसाने पैसे घेऊन कुंचला चालवावा, हे त्या काळी सर्वांना रुचले असेल असे वाटत नाही. तीन वर्षांनी, १८७३ साली, मद्रासच्या प्रदर्शनात केसांत मोगऱ्याची वेणी माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला पहिले पदक मिळाले आणि ज्याला कोणी शिकवले नव्हते त्याचे नाव देशभर झाले.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते जडले ते एका मराठी माणसामुळे. सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी कुळातले. ते १८७२ पर्यंत त्रावणकोरचे दिवाण होते आणि पुढे बडोद्याचे दिवाण झाले. त्यांच्याच ओळखीने १८८१ साली सयाजीराव गायकवाडांच्या राज्याधिकारग्रहणाच्या समारंभाला रविवर्मा बडोद्यास आले, महिनोन्‌महिने राहिले आणि राजकुटुंबाच्या तसबिरी काढल्या. १८८८ साली सयाजीरावांनी चौदा पौराणिक चित्रे सांगितली. सबंध हिंदुस्थानाला आपली वाटतील अशा सीता-दमयंतींना नेसवावे काय, हा प्रश्न पडला. रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांनी उत्तर हिंदुस्थानभर प्रवास केला, मंदिरे, पेहराव, दागिने न्याहाळले. अखेरीस मन वळले ते आपल्या दक्षिणी लुगड्याकडे. आज पुराणातली नायिका म्हटले की डोळ्यांसमोर लुगड्याचा जो पदर येतो, तो तेव्हापासूनचा. येथेही युक्ती तसबीरकाराचीच. देवी काढायची तरी समोर जिवंत बाई बसवायची, तिच्या खांद्यावरून पदर कसा घसरतो ते पाहायचे, छायाचित्रांचाही आधार घ्यायचा. म्हणून त्या देवी बिऱ्हाडातल्या वाटतात. काहींना हेच खटकते. देवीच्या चेहऱ्यावर देवपण कमी आणि नाटकातल्या नायिकेचा भाव अधिक, हा आक्षेप जुना आहे, आणि काही चित्रांच्या बाबतीत मलाही तो पटतो. तसबिरींना मात्र तो लागू नाही. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची दहा चित्रे गेली होती. त्यांत कडेवर मूल घेऊन दाराकडे बोट दाखवणाऱ्या आईचे एक चित्र आहे. ती त्यांची स्वतःची मुलगी. तिच्या उभे राहण्यात नाटक मुळीच नाही.

ही चित्रे फक्त राजवाड्यांत राहू नयेत, छापून सर्वांच्या घरी जावीत, ही सूचनाही माधवरावांनीच १८८४ साली केली होती. १८९४ साली मुंबईस गिरगावात छापखाना निघाला. यंत्रे जर्मनीची, कारागीर जर्मनीचे. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड घासायचा आणि एकाच कागदावर एकावर एक रंग चढवायचे, असे ते काम. पहिले चित्र निघाले शकुंतलेच्या जन्माचे. पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि छापखाना मळवलीस गेला. धंदा म्हणून तो बंधूंना काही पेलला नाही. कर्ज वाढले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्‌झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. १९७२ साली तेथील इमारतीला आग लागली. पण तोवर लक्ष्मी-सरस्वती पालघर-डहाणूपर्यंतच्या घरांत काचेमागे जाऊन बसल्या होत्या. चित्रशाळेचा उंबरा न ओलांडलेल्या बायकांनी त्या पाहून रांगोळ्या काढल्या, भरतकाम केले, मण्यांची चित्रे विणली. एका माणसाला जवळ बसून पाहण्याची परवानगी मिळाली होती. त्याने ती घरोघर वाटली.

त्यांच्या पुढच्या पिढीतल्या आपल्या चित्रकारांचे पाहा. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. पुढे त्यांचीही चित्रे रविवर्मा छापखान्याने छापली. त्यांची कन्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९) त्याच शाळेत शिकून चित्रकर्ती झाल्या. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी आपल्या मुलीला हातात समई धरून उभे केले आणि जे चित्र काढले ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळजणी ते रविवर्म्यांचे म्हणून सांगतात. भगिनींनो, ते हळदणकरांचे आहे, एवढी दुरुस्ती या निमित्ताने करून घ्यावी.

रविवर्म्यांचे उत्तरायुष्य दगदगीचे गेले. पत्नी भागीरथीबाई १८९१ साली वारल्या. नवरा सदैव प्रवासात आणि संसार माहेरच्या वाड्यात, असे त्यांचे आयुष्य गेले; चरित्रकार त्यांच्यावर चार ओळींपलीकडे खर्च करीत नाहीत. १९०४ साली कैसर-ई-हिंद पदक मिळाले. १९०५ च्या जानेवारीत राजराज वर्मा गेले. ज्या बंधूने कित्येक चित्रांची पार्श्वभूमी रंगवली, रोजनिशी लिहिली, हिशेब सांभाळले, तो गेल्यावर यांचाही हात मंदावला. मधुमेह होताच. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे त्यांचे देहावसान झाले.

या भावांना एक बहीण होती, मंगलाबाई. त्याही चित्रकार. भाऊ बडोद्याला, मुंबईला, म्हैसूरला हिंडले. त्या काळच्या मोठ्या घरातल्या स्त्रीला तसे हिंडणे शक्यच नव्हते. त्यांची चित्रशाळा म्हणजे घर, आणि गुरू म्हणजे सुट्टीला घरी आलेला भाऊ. जेन्सनजवळ बसून थोरल्या भावाने जे पाहिले, ते बहिणीने भावाजवळ बसून पाहिले. पदके त्यांच्या नावावर नाहीत, छापलेली चित्रे नाहीत. पण त्यांनी काढलेली रविवर्म्यांची एक तसबीर तिरुवनंतपुरमच्या सरकारी चित्रसंग्रहात जपलेली आहे. आयुष्यभर दुसऱ्यांकडे रोखून पाहणारा माणूस तीत बहिणीसमोर बसला आहे.