होंडासाहेबांनी स्वतःचा हट्ट सोडला, म्हणून सिव्हिक रस्त्यावर आली

तुमच्या गल्लीतल्या ॲक्टिव्हावर जे नाव असतं, ते एका लोहाराच्या पोराचं आडनाव आहे. सोइचिरो होंडा.

जन्म १९०६ चा, जपानमधल्या हमामात्सुजवळच्या खेड्यातला. वडील लोहारकाम करायचे, सायकली दुरुस्त करायचे. पोरगं पंधराव्या वर्षी टोकियोला गेलं आणि एका गॅरेजमध्ये कामाला लागलं. पुढे त्याने पिस्टन रिंग बनवल्या आणि १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी काढली. व्यवहार ताकेओ फुजिसावा बघायचे, इंजिनाच्या बाबतीत शेवटचा शब्द सोइचिरोंचा.

बाईकमध्ये कंपनीने जग जिंकलं. पण कार बनवताना गाडी अडली ती सोइचिरोंच्याच हट्टापाशी.

तापलेलं इंजिन थंड करायचे दोन मार्ग. एक थेट वाऱ्याने, दुसरा रेडिएटर लावून पाण्याने. सोइचिरोंचा हिशोब साधा होता. रेडिएटरमधलं पाणीही शेवटी वाऱ्यानेच थंड होतं, मग मध्ये पाणी हवंच कशाला?

१९६९ मध्ये याच हट्टातून ‘होंडा १३००’ आली. ताकद भरपूर, पण इंजिन जड आणि बनवायला महाग. त्यात धुराचे नियम कडक होण्याची चिन्हं होती. धूर कमी करायचा तर इंजिनाचं तापमान काबूत हवं, आणि वाऱ्यावर ते जमणं अवघड. तरुण इंजिनिअर सांगून थकले, साहेब ऐकेनात.

शेवटी फुजिसावांनी त्यांना एकच गोष्ट विचारली. कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहायचंय की इंजिनिअर म्हणून? सोइचिरोंनी अध्यक्षपद निवडलं आणि पाण्याला परवानगी दिली.

जुलै १९७२ मध्ये सिव्हिक आली. ११६९ सीसीचं, पाण्याने थंड होणारं इंजिन पुढे आडवं बसवलेलं आणि ताकद पुढच्याच चाकांना. त्यामुळे गाडी छोटी, पण आत जागा ऐसपैस.

तोवर अमेरिकेने १९७० मध्ये धुराचा कडक कायदा केला होता. तिथल्या बड्या कंपन्या मुदतीत हे जमणार नाही म्हणत होत्या. होंडाच्या पोरांनी सीव्हीसीसी इंजिन काढलं. यात स्पार्क प्लगजवळ एक छोटा कप्पा असतो. तिथे पेट्रोलचं प्रमाण जास्त, म्हणून ठिणगी लगेच धरते. ती ज्वाला मुख्य कप्प्यातलं कमी पेट्रोलचं मिश्रण पेटवते, आणि विषारी वायू कमी होतात. डिसेंबर १९७३ मध्ये हे इंजिन सिव्हिकमध्ये आलं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावता नियमात बसलं.

सोइचिरोंना यात अमेरिकन कंपन्यांना गाठायची संधी दिसत होती. त्यांच्या इंजिनिअरांचं म्हणणं वेगळं होतं. आपण हे कंपनीसाठी नाही, समाजासाठी करतोय. हे ऐकून साहेबांना कळलं की पोरं आपल्या पुढे गेलीत.

१९७३ मध्येच ते आणि फुजिसावा एकत्र निवृत्त झाले. अध्यक्षाची खुर्ची घरातल्या कुणाला न देता कियोशी कावाशिमा या कंपनीतल्याच इंजिनिअरकडे गेली.

१९९१ मध्ये सोइचिरो गेले. आयुष्यभर इंजिनं बनवणाऱ्या या माणसाची सगळ्यात गाजलेली कार मात्र त्यांनी दुसऱ्यांचं ऐकल्यामुळे बनली.