वाणीची भीती ते लेखणीचे धैर्य : संत फ्रान्सिस डी सेल्स

दर वर्षी २४ जानेवारी रोजी आपण संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण साजरा करतो. पत्रकार व लेखक यांचे ते आश्रयदाते संत. साहजिकच वाणी आणि लेखणी त्यांना जन्मापासून वश असावी, असा अनेकांचा समज असतो. त्यांचे चरित्र वाचताना आम्हांला मात्र एक संकोची, सावकाश बोलणारा तरुण भेटला.

२१ ऑगस्ट १५६७ रोजी सॅव्हॉय प्रांतातील थोरां गावच्या एका उमराव घराण्यात फ्रान्सिस जन्मले. ते थोरले पुत्र. घराण्याचे नाव त्यांनी राखावे, मोठा कायदेपंडित होऊन सरकारदरबारी मान मिळवावा, ही वडिलांची महत्त्वाकांक्षा. त्यासाठी त्यांना पॅरिस येथे येशूसंघीय धर्मगुरूंच्या क्लेरमाँ महाविद्यालयात धाडण्यात आले. तेथे एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्यावर एक भयंकर मानसिक संकट कोसळले. देवाने आपल्याला आधीच टाकून दिले आहे, आपले तारण होणे नाही, या विचाराने त्यांची अन्नावरची वासना उडाली, झोप गेली. कित्येक आठवडे हा काळोख टिकला. अखेर एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे त्यांनी स्वतःला देवाच्या स्वाधीन केले आणि मनावरचे ओझे उतरले. पुढे हजारो घाबरलेल्या जिवांना त्यांनी धीर दिला, त्याचे मूळ आम्हांला या दिवसांत दिसते.

१५९१ साली इटलीतील पादुआ विद्यापीठाची कायद्याची डॉक्टरेट मिळवून ते घरी परतले. शांबेरी येथील न्यायसभेत वकील म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले. वडिलांनी वधूही पाहून ठेवली होती. अशा वेळी आपल्याला धर्मगुरू व्हायचे आहे, हे वडिलांना सांगावे कसे? विद्यापीठात वादविवाद करणाऱ्या या तरुणाला घरातले हे एक वाक्य उच्चारायला बराच काळ लागला. चुलतभावाने मध्यस्थी केली, जिनीव्हा धर्मप्रांतातील एक मानाचे पद मिळवून दिले, तेव्हा कुठे वडील नाइलाजाने राजी झाले. १८ डिसेंबर १५९३ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

दीक्षेपूर्वीच बिशपांनी त्यांना प्रवचन करण्याची आज्ञा केली होती. चरित्रकार सांगतात की, प्रवचनाची घंटा ऐकताच त्यांना इतकी धडकी भरली की ते बिछान्यावर आडवे झाले. मग प्रार्थना करून उठले आणि वेदीकडे गेले. वाचनासाठी प्रथमच वेदीजवळ उभे राहताना ज्यांचे पाय लटपटले असतील, त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. त्यानंतर ते वारंवार प्रवचने देऊ लागले. तेव्हा तक्रार केली ती वडिलांनीच. इतकी प्रवचने, आणि तीही लॅटिन-ग्रीक अवतरणांवाचून इतकी साधी, हे त्यांना कमीपणाचे वाटे.

खरी कसोटी लागली ती १५९४ साली. जिनीव्हा सरोवराच्या दक्षिणेचा शाब्ले प्रदेश कॅल्विनपंथी झाला होता. तेथे फ्रान्सिस आपला चुलतभाऊ लुई याच्यासह गेले. मुक्काम अलँजच्या किल्ल्यात. रोज तेथून पायी तोनों शहरात जायचे, प्रवचन द्यायचे आणि पायीच परतायचे. ऐकायला मोजकी माणसे. शहरवासीयांनी एकमेकांना बजावले होते की या धर्मगुरूचे कोणी ऐकू नये. हिवाळा कडक, जिवावर हल्ले, वडिलांची परत बोलावणारी पत्रे.

लोक ऐकायला येत नाहीत, तर शब्दांनीच त्यांच्या घरी जावे. १५९५ च्या जानेवारीपासून त्यांनी श्रद्धेवरील छोटे छोटे लेख लिहायला घेतले. त्यांच्या प्रती काढून त्या घरोघरी दाराखालून सरकवल्या जात. दाराआड, कोणी पाहत नसताना, माणसे ती वाचू लागली. एका पानात मुद्दा मांडायचा, वाचकाला दुखवायचे नाही, त्याला न समजणारा शब्द टाळायचा, ही शिस्त त्यांच्या लेखणीला येथे लागली असावी, असे आम्हांला वाटते. चार वर्षांत शाब्लेतील बहुतेक लोक कॅथोलिक श्रद्धेकडे परतले. त्यात सॅव्हॉयच्या ड्यूकच्या सत्तेचा दबावही होता, हे इतिहासाला धरून सांगितलेच पाहिजे. परंतु तो दबाव येण्यापूर्वीची एकाकी वर्षे फ्रान्सिस यांची स्वतःची होती.

१६०२ साली ते जिनीव्हाचे बिशप झाले. ते शहर कॅल्विनपंथीयांच्या ताब्यात असल्याने त्यांचे वास्तव्य आनसी येथे असे. आता त्यांची कीर्ती पसरली होती, तरी बोलण्याची संथ लय बदलली नाही. शेजारच्या धर्मप्रांताचे बिशप कामू हे झपाट्याने बोलणारे वक्ते. ते फ्रान्सिस यांची संथ ढब उचलू लागले आणि स्वतःचे बोलणेच बिघडवून बसले. फ्रान्सिस यांनी थट्टेच्या सुरात त्यांची चूक त्यांच्या ध्यानात आणून दिली आणि त्यांना त्यांच्याच शैलीकडे परतवले.

१६०९ साली त्यांचा भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. संसारी माणसांना लिहिलेल्या पत्रांतून तो आकारला. सैनिक, कारागीर, गृहिणी, प्रत्येकाला आपापल्या कामात राहून पवित्र होता येते, हा त्याचा गाभा. १६१० मध्ये संत जेन फ्रान्सिस द शांताल यांच्यासह त्यांनी भगिनींचा व्हिझिटेशन संघ स्थापन केला. मार्टिन नावाच्या एका मूकबधिर तरुणाला त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले. त्याच्यासाठी शब्द कामाचे नव्हते, म्हणून बिशप महोदय स्वतः हातवाऱ्यांची भाषा योजून त्याला धर्मशिक्षण देऊ लागले आणि तो ख्रिस्तप्रसाद घेण्यास सिद्ध झाला. मूकबधिर बांधव आजही त्यांना आपले आश्रयदाते मानतात.

२८ डिसेंबर १६२२ रोजी लिओं शहरात त्यांचे निधन झाले. १६६५ मध्ये त्यांना संतपद, १८७७ मध्ये ख्रिस्तसभेचे महापंडित हा सन्मान मिळाला आणि १९२३ मध्ये पोप पायस अकरावे यांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते घोषित केले. संत जॉन बॉस्को यांनी आपल्या संघाला त्यांचेच नाव दिले. १९व्या शतकात त्यांच्याच प्रदेशातून आलेल्या मिशनऱ्यांनी विदर्भात सेवा केली आणि नागपूरचे कॅथेड्रल आज त्यांच्या नावाने उभे आहे.