रंगीत कांचेचा कारागीर विल्यम मॉरिस

मंदिराची रंगीत खिडकी बाहेरून पाहिली तर काळवंडलेली दिसते. परंतु आंत जाऊन पाहावें, तों तीच माणकापाचूंप्रमाणें झळकूं लागते. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्यें या जुन्या कलेस नवें तेज आणणाऱ्यांत विल्यम मॉरिस याचें नांव अग्रगण्य आहे.

ता. २४ मार्च १८३४ रोजीं लंडननजीक वॉल्थमस्टो येथें एका सधन कुटुंबांत त्याचा जन्म झाला. धर्मोपदेशक व्हावें या हेतूनें तो १८५३ सालीं ऑक्सफर्ड येथें शिकावयास गेला. तेथें एडवर्ड बर्न-जोन्स हा जिवाभावाचा मित्र त्यास लाभला. १८५५ सालीं उत्तर फ्रान्समधील प्राचीन मंदिरें पाहून परततांना दोघांनीं आपलें आयुष्य कलेस वाहण्याचा निश्चय केला.

१८५९ सालीं मॉरिसचा विवाह झाला व पुढील वर्षीं तो बेक्सलीहीथ येथील रेड हाउस या नव्या घरांत राहावयास गेला. बाजारांतील सामान त्याच्या मनास येईना. तेव्हां पतिपत्नींनीं व मित्रमंडळीनें मिळून भिंती रंगविल्या, पडद्यांवर कशिदा काढला, खिडक्यांच्या कांचांसाठीं पक्ष्यांचीं चित्रें काढलीं. या घरगुती उद्योगांतूनच १८६१ सालीं सात भागीदारांची पेढी लंडन शहरांत उभी राहिली. तिच्या तळघरांत कांच भाजण्याची लहानशी भट्टी होती. आणि निराधार मुलांच्या एका आश्रमांतील मुलें तेथें हाताशीं घेतलीं होतीं.

हें काम मोठ्या चिकाटीचें. प्रथम पूर्ण आकाराचें चित्र कागदावर काढावयाचें. त्याबरहुकूम रंगीत कांचेचे तुकडे कापावयाचे. चेहरा, वस्त्रांच्या चुण्या इत्यादि रेषा काळसर रंगानें काढून ते तुकडे भट्टींत भाजावयाचे. नंतर दोहों अंगांस खांच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत ते बसवून सांध्यांस डाख द्यावयाचा. बर्न-जोन्स बहुधा बिनरंगी चित्र देई. कोणत्या तुकड्यास कोणता रंग शोभेल व शिशाची रेषा कोठून न्यावी, हें मॉरिस ठरवी. १८६२ सालच्या लंडनच्या प्रदर्शनांत पेढीच्या कांचा पाहून त्या मूळच्या जुन्याच असाव्यात, असा आरोप प्रतिस्पर्ध्यांनीं केला. तरी पेढीस पदकें मिळालीं. कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधील पश्चिमेची भव्य खिडकी या दोघां मित्रांचीच कृति होय.

मॉरिसची खरी कसोटी १८७७ सालीं लागली. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं प्राचीन मंदिरांचें मूळ काम नष्ट होत आहे, हें पाहून त्यानें जुन्या वास्तूंच्या संरक्षणासाठीं संस्था स्थापिली. परंतु अशाच मंदिरांस नव्या खिडक्या पुरविणें हा तर त्याच्या पेढीचा धंदा! बोलणें एक व करणें दुसरें, हें त्यास रुचेना. जीर्णोद्धार चाललेल्या प्राचीन मंदिरांचीं कामें यापुढें घेणार नाहीं, असें त्यानें जाहीर केलें आणि हातचें उत्पन्न सोडलें.

ता. ३ ऑक्टोबर १८९६ रोजीं, वयाच्या ६२ व्या वर्षीं, तो निवर्तला. कवि, विणकर व मुद्रक म्हणूनही जग त्यास ओळखतें. मुलांच्या हातीं कात्री व रंग दिसतांच वेळ फुकट गेला असें पालकांनीं मानूं नये. एका घराच्या सजावटींतूनच एवढें कार्य उभें राहिलें. आणि विद्यार्थ्यांनींही ध्यानांत ठेवावें, कीं हातांतील कौशल्यानें मॉरिसला कीर्ति मिळाली, परंतु त्याची थोरवी दिसली ती त्यानें नाकारलेल्या कामांत.